पायपेटी अंगणात

आखन, १२ नोव्हेंबर १९६१

अहो,

आठवतंय का काही? कोल्हापुरात तुमची एक बायको होती. बुटकी, सावळी, तुमचा चष्मा तुमच्याच कपाळावर आहे हे रोज सांगणारी. ती गेल्या महिन्यात बोटीत बसली आणि आता जर्मनीत आहे. म्हटलं कळवावं. नाहीतर एखाद्या दिवशी पाटावर बसाल आणि ताट का येईना म्हणून ताटकळत राहाल.

मायना काय घालू, असं उल्का विचारते. साष्टांग नमस्कार घाल म्हटलं असतं. पण मी निघाले तेव्हा ज्यांनी पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचलं, आणि तेही उलटं धरून, त्यांना साष्टांग कुठला? मला वाचता येत नाही हे खरं, पण त्यातल्या जाहिरातीतली बाई डोक्यावर उभी होती एवढं दिसत होतं. तेव्हा नुसतं 'अहो' पुरे.

दिनकरवर रागावू नका. त्यानं माझं तिकीट काढलं ते बापाला चिडवायला नव्हे. त्याच्या पोरीला, आपल्या उल्काला, आई नाही. पहिलं बाळंतपण परमुलखात, आणि दिनकर येऊन काय तिला शेक देणार होता? बोटीवर मालिनीची सोबत होती. मालिनी म्हणजे पुण्याची मुलगी, इथेच रसायनात डॉक्टरकी करते, सुट्टी संपवून परत निघाली होती. सगळ्या समुद्रात ती आडवी पडून होती आणि मी तिचं डोकं चेपत होते. त्यामुळे सोबत कोणाला कोणाची होती ते तुम्हीच ठरवा.

घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. घरमालकीण नेलेसनबाई. वय माझ्याहून बरंच पुढे, कंबर माझ्याहून ताठ. जिना पुसायच्या पाळ्या असतात, त्याला इथे पुत्सप्लान म्हणतात, आणि तो कागद खाली दारावर चिकटवलेला आहे. तो मला वाचता येत नाही ही केवढी सोय आहे!

परवा बाईंबरोबर बाजारात गेले. समोरून एक म्हातारा आला, त्यानं करंगळी वर केली. बाईंनीही करंगळी वर केली. मी म्हटलं, म्हातारं माणूस, थंडीचे दिवस. दंड धरून घाईघाईनं घरी आणलं आणि संडासाचं दार उघडून दिलं. मग मालिनीनं उलगडा केला. हे गाव जुनं सुयांच्या कारखान्यांचं. वाकडी सुई करंगळीनं उडवून बाजूला काढायची ही इथल्या पोरींची कामाची रीत, म्हणून आखनची दोन माणसं जगात कुठेही भेटली की करंगळी दाखवतात. बाई अजून मला बघून हसते.

सुधीर स्टेशनवर आला होता. वाळलाय. मी म्हटलं, "काय डॉक्टरसाहेब, आजेसासूच्या पाया पडायचं की पदवीनं कंबर आखडली?" तो वाकला तो बराच वेळ वर येईना. बुटाची नाडी बांधत होता म्हणे. त्या बुटांना नाड्या नव्हत्या. हे लिहू नको म्हणते उल्का. लिही गं.

तिकडचं सगळं त्याला सांगितलं. त्याचा डॉक्टरकीची टोपी घातलेला फोटो आला तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटले, कारखान्याच्या दारावर सागाची पाटी लावली, तिच्यावर सुधीरच्या नावाआधी 'डॉ.' केवढं मोठं काढलंय ते हात पसरून दाखवलं. ओतकामातला पहिला डॉक्टर आपल्या घरात म्हणून चौकात सत्कार ठरलाय, तेही सांगितलं. त्याला आनंद झाला. फार झाला. जेवला नाही.

सत्काराची तारीख एवढ्यात छापू नका असा त्याचा निरोप आहे. का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुमचीच (असेन तर)

*

आखन, १० डिसेंबर १९६१

अहो,

पत्र नाही. समुद्र ओलांडलास तर एक ओळ लिहिणार नाही, असं म्हणाला होतात आणि शब्द पाळताय. तुमच्या अबोल्याला आपल्या घरात कोणी भ्याल्याचं मला आठवत नाही. उलट त्या दिवसांत जेवण निवांत व्हायचं.

इथे मात्र मला बोलणारं माणूस मिळालंय. दुपारी नेलेसनबाई वर येते. येताना प्रिंटन नावाची बिस्किटं आणते. ती तुमच्या भट्टीत ओतलेली असावीत, दात लागत नाही. बाईला इंग्रजी येतं, पण आठ वर्षांच्या पोरीचं. म्हणजे 'गाय पळाली', 'आई, भूक लागली', 'मी नाही सांडलं', असलं. कारण ती जन्मली अमेरिकेत आणि आठव्या वर्षी परत आली. ती तिच्या बालभाषेत सांगते, उल्का मला मराठीत सांगते, आणि माझे प्रश्न उलट्या वाटेनं जातात.

तिचा बाप योसेफ. इथे तापवलेल्या सुयांना पाणी देण्याचं काम करायचा. यंत्रं आली, दहा माणसांचं काम एक यंत्र करू लागलं. मग शेजारच्या बेल्जममधून, अँटवर्पच्या धक्क्यावरून नवराबायको बोटीच्या तळाशी बसून अमेरिकेला गेली. आपण ज्या सालात जन्मलोही नव्हतो तेव्हाची गोष्ट. तिकडे पूर्वेच्या किनाऱ्याला सुयांचाच कारखाना. म्हणजे ज्या यंत्रानं इथून उठवलं तेच तिथे दात विचकून उभं. एका रांगेत बारा माणसं आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. घंटा झाली की सगळ्यांना कळायचं, तेवढीच काय ती सगळ्यांची एक भाषा.

मग आगगाडीच्या कंपनीचा माणूस आला, रंगीत चित्रांची पुस्तकं घेऊन. पश्चिमेला या, एकशे साठ एकर जमीन सरकार फुकट देतं, पाच वर्षं राहून ती कसा, मग ती तुमची.

मी म्हटलं, "फुकट? आधी कोणाची होती विचार."

उल्कानं विचारलं. बाईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, तिथल्या मूळच्या लोकांना आम्ही यायच्या आधीच हाकललं होतं. पण एकदा एक म्हातारी आणि तिचं कुटुंब दारावरून गेलं. आईनं पाव दिला. म्हातारीनं पाव घेतला, पण बघत होती आमच्या विहिरीकडे. "मला वाटलं तिला तहान लागलीय," बाई म्हणाली. "पाणी दिलं तर नको म्हणाली."

नेब्रास्का म्हणून प्रांत. झाड नाही, दगड नाही. घर कशाचं बांधायचं? गवतासकट जमिनीची ढेकळं कापायची आणि विटांसारखी रचायची. पावसात छत गळायचं आणि कधी आढ्यातून साप खाली यायचा. सरपण नाही, म्हणून वाळलेलं शेण जाळायचे.

मी उठूनच बसले. "गोवऱ्या! अगं उल्का, अमेरिकेत गोवऱ्या! आणि भिंती शेणानं सारवायला कोणी शिकवलं नाही त्यांना?" बाई म्हणाली, नाही शिकवलं. म्हटलं, "मला बोलवायचं होतंत."

काल तिनं भिंतीवरचा फोटो काढून आणला. आई, बाप, मांडीवर ही, बाजूला गाय, आणि मधोमध पायपेटी. नाटकात असते तशी, पायानं भाता मारायची. सगळं उघड्या माळावर. मी म्हटलं, "घर कुठाय? आणि पायपेटी अंगणात कशाला?"

बाई म्हणाली, घर फोटोवाल्याच्या पाठीमागे होतं.

समजलं का? फोटोवाला गाडी घेऊन गावोगाव फिरायचा. आईनं त्याला दुसरीकडे तोंड करून उभं केलं, आखनच्या सासऱ्याला मातीचं घर दिसू नये म्हणून. पायपेटी शेजाऱ्यांची. चौघांनी उचलून आणली, फोटो झाला, चौघांनी परत नेली. आईला वाजवताही येत नव्हती.

मी पोट धरून हसले. मातीच्या घराची लाज कसली? तुम्ही आणि मी कुठे जन्मलो? हसता हसता बघते तर उल्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. फोटो बाईंच्या हातात ठेवून ती आत गेली. डोहाळे, म्हणाली बाहेर येऊन. आठव्या महिन्यात डोहाळे!

तेही लिही. ते का नाही लिहायचं?

बरं, नको लिहू.

*

आखन, २१ जानेवारी १९६२

अहो,

पणजोबा झालात. मुलगी. नऊ तारखेला, इथल्या दवाखान्यात. नाक तुमचं आहे, ते मोठेपणी बसेल अशी आशा ठेवू. उल्का सुखरूप. नाव शुभा ठेवलं. पाळणा नव्हता, तर नेलेसनबाईनं धुण्याची वेताची टोपली आणून दिली आणि बारशाला स्वतः तिच्या भाषेतली अंगाई म्हटली. कुठलं गाणं ते कळलं नाही, पण पोर झोपली.

आता आनंद झाला असेल तर घोटभर पाणी प्या आणि नीट बसा. अक्षर बदललंय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. हे मालिनी लिहितेय. मी उल्काला म्हटलं मालिनीचं अक्षर सुंदर आहे, तू निज. खरं कारण हे की हे पत्र उल्काच्या हातून लिहवणार नव्हतं.

गेल्या वेळी ती रडली ते डोहाळे नव्हते. त्या संध्याकाळी तिची वेणी घालताना मी म्हटलं, "बाईंचा फोटो पाहून रडलीस. तुझी पायपेटी कुठली?"

सुधीर डॉक्टर झालेला नाही.

मालिनी, लिहिलंस? बरं.

तो टोपीवाला फोटो दुसऱ्याचा आहे. म्हणजे डोकं सुधीरचं, टोपी दुसऱ्याची. इथे कोणी डॉक्टर झालं की सोबती त्याच्यासाठी पुठ्ठ्याची टोपी करतात, तिच्यावर त्याच्या कामाची खेळणी चिकटवतात, गाडीत घालून वरात काढतात. सुधीरच्या सोबत्याची वरात होती. बियर झाली, मग टोपी हौसेनं ह्याच्या डोक्यावर, त्याच्या डोक्यावर. कोणीतरी फोटो काढला. उल्काला तो आवडला. कितीतरी दिवसांनी नवरा हसताना दिसला म्हणून तिनं कौतुकानं तुम्हांला पाठवला. मागे लिहिलं होतं, 'तुमचे नातजावई आनंदात'. तुम्ही 'आनंदात' वाचलं आणि टोपी पाहिली आणि निघालात हलवायाकडे! मी किती म्हटलं, आधी पत्र टाकून विचारा. 'टोपी दिसते ना तुला?' म्हणालात. दिसत होती. तिच्यावर चिकटवलेली खेळण्यातली किटलीही दिसत होती.

इकडे उल्काला तुमच्या तारेनंच कळलं की पेढे वाटून झाले. मग तिनं म्हटलं, पुढच्या पत्रात खरं कळवू. पुढच्या पत्राआधी तुमच्या पाटीचा फोटो आला. मग सत्काराचं पत्र. प्रत्येक टपालानं खरं सांगणं वर वर जात राहिलं, आणि पोरांची शिडी आखूड.

त्यात सुधीरचा दोष काय ते ऐका. त्याचा गुरू गेल्या उन्हाळ्यात गेला. नवा माणूस आला, म्हणाला हा विषय मला नको, दुसरा घ्या आणि पहिल्यापासून करा. शिष्यवृत्ती संपलेली. आता तो एका कारखान्यात ओतकामाची तपासणी करतो आणि घरी येऊन भिंतीकडे बघतो. आणि अमेरिकेतून, पिट्सबर्ग म्हणून लोखंडाचं गाव आहे तिथून, त्याला बोलावणं आलंय. जुलैत हजर व्हायचं. जायचं ठरवलंय त्यानं. जागा फार मोठी आहे म्हणून नव्हे. मी त्याला समोर बसवून विचारलं.

"आल्झो, आजी," म्हणाला. शब्द शोधत असला की हा जर्मन होतो. "कोल्हापुरात ज्याची पाटी आहे तो माणूस मी नाही. पिट्सबर्गात मला कोणी ओळखत नाही."

"हळूहळू ओळखतील की रे. मग?"

"मग पुढे. देश मोठा आहे."

"पुढे म्हणजे आणखी पश्चिमेला. आणि तिथे ओळखलं की आणखी पश्चिमेला. पृथ्वी गोल आहे म्हणता ना तुम्ही शिकलेली माणसं? असाच जात राहिलास तर एक दिवस कोल्हापुरात मागच्या दारानं येशील. त्यापेक्षा पुढच्या दारानं ये, जवळ पडतं."

हसला नाही. नेहमी हसतो.

आता नेलेसनबाईच्या बापाचं राहिलेलं सांगते. ते तिनं मला बारशाच्या दिवशी सांगितलं. तो फोटो इथे आला तेव्हा योसेफच्या बापानं तो बियरच्या गुत्त्यात भिंतीवर लावला. सगळं गाव येऊन बघायचं. ज्याच्या अंगणात पायपेटी आहे त्याच्या घरात काय असेल! पोरं योसेफची उदाहरणं ऐकत मोठी झाली. तिकडे पाऊस पडेना. मका करपला, गाय गेली. आई म्हणाली, परत जाऊ. बाप म्हणाला, त्या गुत्त्यात मी कोणत्या तोंडानं पाऊल टाकू? तर आई पोरीला घेऊन आली, 'सासऱ्यांना भेटायला' म्हणून. हातात दोन गाठोडी. लोक स्टेशनवरून मागे बघत होते, पेटारे कुठेत? आई म्हणाली, पेटारे अँटवर्पला अडकलेत. वर्षानुवर्षं हेच सांगितलं. बाई आठ वर्षांची सुया निवडायला बसली तेव्हाही बायका विचारायच्या, पेटारे आले का?

आणि बाप पश्चिमेला गेला. डोंगरातल्या खाणीवर, मग त्याच्याही पलीकडे. दोन नाताळांना भेटकार्ड आलं. मग नाही.

मी विचारलं, "तो आला असता तर गाव हसलं असतं का?" बाई म्हणाली, "हो. एक महिनाभर."

आता माझं मागणं. तसलाच एक फोटो तुमच्याही गुत्त्यावर टांगलाय, आणि तुमचा गुत्ता म्हणजे कारखान्याचं दार. शिडी लावा आणि पाटी उतरवा. सत्कार मोडा. ज्यांनी पेढे खाल्ले त्यांची समजूत मी आल्यावर घालीन, मला कोणी काही म्हणत नाही. आणि जावयाला, नातजावयाला म्हणते, दोन ओळी लिहा. मुलं जायची ठरवून बसलीत. मी जूनच्या बोटीनं येणार. एकटी की त्यांना घेऊन, ते तुमच्या शिडीवर आहे.

हे मी तुम्हांला लिहिल्याचं त्यांना माहीत नाही.

*

आखन, १८ मार्च १९६२

अहो,

आजही मालिनीच लिहितेय. तुमचं उत्तर नाही. पत्र बुडालं म्हणावं तर बोटी बुडाल्याचं ऐकलं नाही.

इथे बर्फ वितळून चिखल झालाय. माणसं इथून पायी शेजारच्या हॉलंडात जाऊन लोणी घेऊन येतात. सरहद्द म्हणजे एक लाकडी दांडा आणि एक झोपाळू शिपाई. मीही जाऊन आले. म्हणजे तुम्ही एका समुद्रासाठी रुसलात, आणि मी लोण्यासाठी आणखी एक देश ओलांडला. आता किती वर्षं बोलणार नाही ते एकदाच सांगा.

सुधीरनं पेटीला रंगानं पिट्सबर्गचा पत्ता घातला. उल्का तिच्यात कपडे भरते, काढते, पुन्हा भरते. शुभा आता ओळखून हसते.

तुमच्यावर राग आहे असं नाही. मला कळतं तुम्हांला काय झालंय. फजिती सुधीरची व्हायच्या आधी तुमची होणार आहे. पेढे तुमच्या हातचे होते. पण एक विचारते. चाळीस वर्षं मी तुमच्या कारखान्यात डबा घेऊन येतेय. ओतकाम फसतं. पोकळी धरते, तडा जातो. तेव्हा तुम्ही काय करता? गावाबाहेर नेऊन टाकता? त्याला म्हणता, जा बाबा, जिथे तुला कोणी ओळखत नाही तिथे जा? घण घालून फोडता, पुन्हा भट्टीत टाकता, आणि त्याच लोखंडाचा पंप होतो. कोणाला कळतं का तो पंप आधी एकदा फुटला होता?

मग माणसाच्याच वेळी तुमची भट्टी थंड का?

मालिनी म्हणते, हे फार झणझणीत झालं, सौम्य करू का. मी म्हटलं, माणूस कोल्हापूरचा आहे.

*

आखन, १३ मे १९६२

अहो,

आजचं अक्षर ओळखलंत? ओळखा. बारीक, उजवीकडे कललेलं, आणि मध्येच थबकणारं. तुमच्या नातजावयाचं आहे. मालिनीची परीक्षा आहे आणि उल्का पोरीला न्हाऊ घालतेय, असं मी त्याला सांगितलं. त्यातलं अर्धं खरं आहे.

तुमचं कार्ड मिळालं. सात महिन्यांत एक कार्ड, आणि त्यातही अर्धी जागा कोरी. मी सुधीरला वाचायला दिलं. त्यानं मोठ्यांदा वाचलं, ते असं:

'सागाची फळी चांगली वाळलेली होती. साचा पाडायच्या पंपाच्या पॅटर्नला लाकूड कमी पडत होते. लावली. पॅटर्न उत्तम झाला. सत्काराची मंडळी आली होती, त्यांना चहा देऊन खरे काय ते सांगितले. दोघे हसले. इकडे सध्या साच्याच्या वाळूचा दोष येतो आहे, बरेच पंप फुटतात. तिकडे कुणाला वाळूतले कळत असल्यास कळवावे. किंवा यावे. चि. शुभाच्या नाकाबद्दल माझी हरकत नाही.'

एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. त्याबद्दल बघून घेईन.

"कोणती फळी, आजी?" सुधीरनं विचारलं.

"पाटीची."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"माझं पत्र बोलकं असतं," मी म्हटलं.

त्यानं कार्ड पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढली आणि कोणी विचारलं नसताना वाळूबद्दल बोलायला लागला. पंचगंगेची वाळू, तिच्यातली माती, ओल किती हवी, हे ओलं राहतं म्हणून ते फुटतं, हाताची मूठ वळून दाखवली. उल्का पोर पुसायची थांबून दारात उभी राहिली. मी त्यातलं एकही अक्षर समजले नाही आणि सगळं ऐकलं. एवढं तो आखनला मी आल्यापासून एका दमात बोलला नव्हता. आता हे लिहिताना कान लाल झालेत त्याचे. लिही रे, तेही लिही.

नेलेसनबाईला कार्डाचं सांगितलं. तिनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "तुझा नवरा आमच्या गुत्त्यात हवा होता." मी म्हटलं, तो बियर पीत नाही, आणि मी त्याला देणार नाही.

ह्या पोरांनी अजून मला उत्तर दिलेलं नाही बरं का. पिट्सबर्गला काय कळवायचं ते दोघं दोन दिवस आतल्या खोलीत ठरवताहेत, आणि भिंत पातळ असूनही जर्मनमध्ये बोलतात, ही कसली रीत? मी विचारलेलं नाही. मी फक्त बोटीची गोष्ट काढली आणि हा कागद पुढे ठेवला. तेव्हा घाला आता पुढचं, सुधीरराव.

आमची बोट जेनोआहून जूनच्या मध्यात सुटते. मुंबईला धक्क्यावर हार नको, फोटोवाला नको, चौकातली मंडळी नकोत. बोटीवरचं उकडलेलं खाऊन जीव विटलेला असतो, तेव्हा धाकट्या सुनेला, सुधाला सांगा, दशम्या करायच्या. दुधातच भिजवायच्या, पाण्यात नाही, म्हणजे कोल्हापूर ते मुंबई टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लसूण घालून, आणि तिखट तिच्या हातचं, बाजारचं नको. दही देऊ नका, गाडीत आंबतं. कैरीचा तक्कू चालेल.

"किती माणसांच्या लिहू?" सुधीर विचारतो.

मी म्हटलं, ते तूच लिही. मला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. धान्य मापून आयुष्य गेलंय, तेव्हा लबाडी चालणार नाही.

टाक थांबलाय. उल्का आलीय, त्याच्या खांद्यावरून वाकून बघतेय. पोर तिच्या कडेवर.

लिहिलंय. वाचून नको दाखवू, इकडे कर कागद. हं.

दशम्या तिघांना पुरतील एवढ्या पाठवा. कोणाच्या हाती न देता स्वतः घेऊन येणार असाल, तर चौघांच्या.